चित्रकथेला दाखल नंबर द्या

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि ग्रंथपाल,
गावोगावची सार्वजनिक वाचनालये, विदर्भ

विषय : स्वतंत्रपणे छापलेल्या मराठी चित्रकथा विकत घेऊन त्यांची दाखल नोंदवहीत नोंद करणेबाबत.

सप्रेम नमस्कार,

विषयाची ओळ सरकारी थाटात लिहिली, कारण आपल्याकडे येणारी पत्रं त्याच थाटाची असतात आणि तशी नसली तर फायलीला लागत नाहीत. पुढचं मात्र मोकळेपणानं लिहितो.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो. लग्नपत्रिका, फ्लेक्स, शाळांच्या बोलक्या भिंती, निवडणुका आल्या की उमेदवारांची चिन्हं, या कामांवर पोट चालतं. उरलेल्या वेळात मी कॉमिक्स काढतो. गोष्ट मी लिहितो, चित्रं मी काढतो, छापखान्यात मी उभा राहतो आणि पिशवीत घालून विकायलाही मीच निघतो. स्वतंत्र कॉमिक्सवाल्यांचं जगभर असंच चालतं. पुण्या-मुंबईत, दिल्लीत, बंगलोरात असे पुष्कळ आहेत. खेड्यांत कमी आहेत, पण आहेत.

मागणी साधी आहे. आमची चित्रकथा विकत घ्या, तिला दाखल नंबर (वाचनालयात आलेल्या पुस्तकाला नोंदवहीत मिळतो तो क्रमांक) द्या आणि मोठ्यांच्या कपाटात ठेवा. भेट म्हणून नको, बालविभागात नको, आणि टेबलावरच्या जुन्या मासिकांच्या ढिगात तर अजिबात नको. त्या ढिगाचं वर्षाअखेर काय होतं ते तुम्हीही जाणता आणि रद्दीवालाही.

एका तालुक्याच्या गावी (नाव लिहीत नाही, कारण हे उत्तर मला बऱ्याच ठिकाणी मिळालं आहे) सचिवांनी माझं पुस्तक हातात घेतलं, आडवं केलं, उभं केलं, पाठ (कपाटात उभ्या पुस्तकाची दिसते ती जाड कड) शोधली. पाठ नव्हतीच. मग म्हणाले, ‘‘हे पुस्तक नोहे ना भाऊ, पॉम्प्लेट होय. फुकट देत असान तं ठेवून जा, पोट्टे पाह्यतीन.’’ माणूस भला होता. चहा पाजला. पण चहापायी मी पुस्तक फुकट ठेवलं नाही.

त्यांचा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. ग्रंथालयशास्त्र शिकलेल्यांना युनेस्कोची व्याख्या ठाऊक असते : मुखपृष्ठ सोडून निदान ४९ पानं असली तर पुस्तक, ५ ते ४८ असली तर पुस्तिका. माझी पानं ३२. म्हणजे युनेस्कोच्या दारात मी नापास. पण १९६४ साली ती व्याख्या ठरली ती देशोदेशीच्या प्रकाशनांची आकडेवारी एकाच मापानं मोजता यावी म्हणून. गावच्या कपाटात काय ठेवावं नि काय ठेवू नये, हा तिचा विषयच नव्हता.

आपल्या देशाचा कायदा काय म्हणतो ते बघा. सार्वजनिक ग्रंथालयांना पुस्तकं देण्याबाबतचा केंद्राचा १९५४चा कायदा आहे. त्यात पुस्तक कशाला म्हणायचं हे सांगताना पुस्तिकेचाही स्पष्ट उल्लेख आहे, इतकंच काय, सुटा छापलेला नकाशासुद्धा त्यात पुस्तक म्हणून धरला आहे. प्रत बांधलेली, शिवलेली किंवा टाचलेली असावी एवढीच अपेक्षा. प्रकाशित झाल्यापासून ३० दिवसांत प्रकाशकानं स्वखर्चानं एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक प्रत चेन्नई, मुंबई आणि दिल्लीच्या ग्रंथालयांना पाठवायची. त्या चार प्रतींचा खर्च माझ्यासारख्याला टोचतो, पण त्याबद्दल आज तक्रार नाही. कोलकात्याला जे पुस्तक म्हणून जायला हवं, ते आमच्याच तालुक्यात पॉम्प्लेट कसं ठरतं, एवढंच विचारतो.

जीएसटीवाल्यांच्या लेखीही ते पुस्तकच : छापील पुस्तकावर कर शून्य. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, केंद्र सरकारची दिल्लीची संस्था फुकट देते. उलट आम्ही पुस्तक नाही असं म्हटलं तरच पंचाईत. नियतकालिकांचा नवा कायदा मार्च २०२४पासून लागू झाला आहे आणि नियतकालिक म्हटलं की नोंदणी आली. म्हणून आम्ही मुखपृष्ठावर ‘अंक पहिला’ असं छापायचं टाळतो. गोष्ट पुढच्या भागात चालू राहणार असली तरी प्रत्येक भागाला वेगळं नाव देतो. म्हणजे सरकारदरबारी आम्ही पुस्तक, टपाल खात्यात पुस्तक, करखात्यात पुस्तक. अडलंय ते फक्त तुमच्या दाखल नोंदवहीत.

आता पुस्तक इतकं बारीक का, ते सांगतो. हे सांगितल्याशिवाय पाठीचा प्रश्न सुटणार नाही.

एफोर कागद मधोमध दुमडला की चार पानं होतात, म्हणून पानांची संख्या नेहमी चारच्या पटीत. आठ कागदांची बत्तीस पानं. सर्वांत बाहेरच्या कागदावर एका बाजूला ३२ आणि १ ही पानं शेजारी बसतात, मागच्या बाजूला २ आणि ३१. हे जुळवताना एक पान चुकलं की गोष्टीतला म्हातारा मेल्यावर पुन्हा चहा पिताना दिसतो. मग घडीवर दोन पिना. साधा स्टेपलर घडीपर्यंत पोचत नाही, लांब हाताचा लागतो. कागद वाढवत नेले तर आतली पानं बाहेर डोकावू लागतात आणि कटिंग मशिनखाली चित्राची कड उडते. चांगली जाड पाठ हवी तर पानं भरपूर हवीत, चिकटवणारी बाइंडिंग हवी आणि ऑफसेटवर निदान हजार प्रती तरी हव्यात, कारण प्लेटचा खर्च आधीच करावा लागतो. हजार प्रती ठेवायच्या कुठं? दिवाळीनंतर आमच्या घरी पुढच्या खोलीत कापूस भरलेला असतो. डिजिटलवर शंभर प्रती निघतात, पण प्रत महाग पडते. या सगळ्याच्या मधोमध जे परवडतं ते म्हणजे बत्तीस पानं, काळं-पांढरं, किंमत ४० रुपये.

काळं-पांढरं यामागंही पैशाइतकंच यंत्राचं कारण आहे. तालुक्याच्या मशिनवर राखाडी छटा डागाळते, म्हणून सावलीसुद्धा रेघांनीच भरायची. रेघा जास्त दाट झाल्या की त्याही एकमेकींत मिसळून काळा ठिपका होतो. कागद पातळ असला तर मागच्या पानावरची रात्र पुढच्या पानावरच्या दुपारीत उतरते, त्यामुळे रात्रीच्या प्रसंगामागं कोणतं पान येतंय हेही आधी पाहून ठेवावं लागतं.

आणि अक्षरं. इंग्रजी कॉमिक्समध्ये सगळी मोठी लिपी, सगळ्या ओळी सारख्या उंचीच्या, संवादाच्या फुग्यात गच्च बसतात. आपल्या अक्षराला वर मात्रा, वेलांटी, रफार. खाली उकार, जोडाक्षराचा पाय. दोन ओळींत मोकळी जागा सोडली नाही तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. म्हणून मराठी फुगा मोठा होतो आणि चित्रातलं आभाळ खातो. मी आधी अक्षरं काढतो, मग उरलेल्या जागेत माणसं. छापखान्यातल्या कॉम्प्युटरवर जुना पेजमेकर (पानं जुळवायचं सॉफ्टवेअर) आणि जुने फॉन्ट. माझी युनिकोडची फाइल तिथं उघडली की जोडाक्षरं विस्कटतात, म्हणून मजकुराचंही चित्र करूनच पीडीएफ द्यावी लागते. एवढं सगळं करून हातात आलेल्या वस्तूला कुणी पॉम्प्लेट म्हटलं की राग येतो, तो समजून घ्या.

मोठ्यांच्या कपाटाचा आग्रह कशासाठी, तेही सांगतो.

२०१७च्या खरिपात आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं २० हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. ते वर्ष इथं कुणी विसरलेलं नाही. पराटी (कापसाचं झाड) डोक्याइतकी वाढलेली, बोंडअळीची धास्ती, दोन-तीन औषधं एकाच पंपात कालवलेली, अंगात साधा बनियान. त्यानंतर पत्रकं वाटली गेली, सभा झाल्या, चष्मे आणि मास्क वाटले गेले. औषधाच्या बाटलीवर तर सूचना आधीपासूनच असतात, कित्येक भाषांत, पण इतक्या बारीक की वाचायला भिंग लागावं. मात्र त्याच चिठ्ठीवर टोकावर उभा असलेला एक चौकोन असतो आणि त्याच्या खालच्या त्रिकोणाचा रंग विष किती जहाल ते सांगतो : लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. म्हणजे बाटली बनवणाऱ्यालाही अखेर चित्राकडेच यावं लागलं. पण हा त्रिकोण मजुराला समजावून कुणी सांगावा?

त्यावर मी एक चित्रकथा काढली. वावरात दोघं भाऊ, एक दिवस, एवढीच गोष्ट. मधली दोन पानं बिनशब्दांची आहेत : नोझल तुंबतो, धाकटा तो काढतो, तोंडाला लावून फुंकतो, पुन्हा बसवतो, बिडी पेटवतो. पुस्तक काळं-पांढरं असल्यानं बाटलीवरचा त्रिकोण प्रत्येक प्रतीत स्केचपेननं हातानं रंगवला. लाल. वेचणीच्या दिवसांत दुपारच्या भाकरीला बाया धुऱ्यावर (बांधावर) बसल्या होत्या, त्यांच्यात ते पुस्तक फिरलं. वाचता येणारी एक होती, बाकीच्या चित्रं बघत होत्या. तिघी-चौघींनी ते पान मागं-पुढं केलं. एकीनं नोझल फुंकणाऱ्या चौकटीवर बोट ठेवलं : ‘‘आमच्या घरचा बी असाच फुकते.’’ पुढं गोष्टीतल्या धाकट्याचं काय झालं ते तिनं दुसरीला वाचायला लावलं.

सांगा, हे पुस्तक बालविभागात ठेवून कुणाच्या कामाचं?

आता लगेच कुणी म्हणेल की मग चित्रकथा शेतीखात्याच्या प्रचारालाच बरी. तसं मला मुळीच म्हणायचं नाही. उपदेशाच्या कॉमिक्सचा मला कंटाळा आहे. संस्थांकडून अशी कामं येतात, मीही करतो, पैसे वेळेवर मिळतात; पण तिथं शेवटच्या फुग्यात कुणीतरी हात धुवायला सांगतंच. माझी सर्वांत जास्त खपलेली चित्रकथा पानठेल्यावर बसून राहणाऱ्या एका माणसाची आहे. तो काहीच करत नाही आणि कुणाला काही शिकवतही नाही. लोक ती विकत घेतात कारण त्यातली माणसं वऱ्हाडीत बोलतात, जशी बोलतात तशी, आणि त्या बोलण्याला खाली तळटीप नसते. कादंबरीत आमची बोली बहुधा गड्याच्या तोंडी येते, निवेदन प्रमाण भाषेत चालतं. चित्रकथेत निवेदन चित्रच करतं, त्यामुळे सगळी गोष्ट बोलीत होऊ शकते. हा फायदा कुणा मोठ्या प्रकाशकाच्या ध्यानात आल्याचं मला दिसलेलं नाही.

विदर्भाला हे परकं आहे असंही नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी नि पिवळी मारबत, म्हणजे बाईच्या रूपातले मोठे पुतळे, मिरवणुकीनं निघते. काळीची परंपरा १८८१पासूनची सांगतात. सोबत बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे, निघतात. महागाईचा बडग्या, भ्रष्टाचाराचा बडग्या, त्या वर्षी ज्याच्यावर राग असेल त्याचा बडग्या, गळ्यात पाटी लटकवलेला. नाक लांब, पोट सुटलेलं, पाटीवर दोन ओळी. ते व्यंगचित्रच आहे, फक्त कागदावर नाही. गावोगावी पोरं ‘घेऊन जा गे मारबत’ ओरडत गावाबाहेर जातात तेव्हा कुणी म्हणत नाही की हे लहान मुलांचं आहे. चंद्रपुरात राहून मनोहर सप्रे यांनी आयुष्यभर व्यंगचित्रं काढली, लाकडातून शिल्पं शोधली. तुमच्या कपाटात त्यांचं एखादं पुस्तक आहे का, एकदा बघून घ्या. मी जिथं जिथं विचारलं तिथं उत्तर बहुधा ‘पाहावं लागेल’ असं आलं.

वाचणारेही होते. आमच्या पिढीनं कॉमिक्स वाचली ती बहुतेक हिंदीत, बसस्टँडवर, नाहीतर किराणा दुकानातून तासाच्या भाड्यानं. चाचा चौधरी, नागराज, ध्रुव. व्यंगचित्रकार प्राण यांनी चाचा चौधरी काढला १९७१ साली, आणि आमच्या खेड्यात तो पोचला तो थेट हिंदीतून, कारण त्या दुकानाच्या दोरीवर मराठीत टांगण्यासारखं फारसं काही नव्हतं. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ ते १९९० अशी सव्वीस वर्षं निघाली. घराघरांतून ती रद्दीत गेली आणि आज जुने अंक गोळा करणारे एकेका अंकाला मोठी किंमत मोजतात. विदर्भातल्या एखाद्या वाचनालयानं त्यांचा संच तेव्हा बांधून ठेवला असता तर आज अभ्यासकांना तिथं यावं लागलं असतं. ठेवला नाही, कारण तेव्हाही ती पुस्तकं नव्हती.

ठेवून देण्याचं महत्त्व कळायला ओरिजित सेन यांचं उदाहरण पुरे. नर्मदेवरच्या धरणाबद्दल त्यांनी काढलेली ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ ही चित्रकादंबरी १९९४ साली एका पर्यावरणवादी संस्थेनं छापली. भारतातली पहिली चित्रकादंबरी म्हणून आज तिचं नाव घेतात. पण मधली कित्येक वर्षं ती बाजारात नव्हतीच. २०२२ साली चेन्नईच्या ब्लाफ्ट या छोट्या प्रकाशनानं ती पुन्हा काढली. पहिली म्हणून जिचा मान, ती कुणाला वाचायची असेल तर ओळखीपाळखीतून मिळवावी लागायची. आमच्या पुस्तकांच्या तर शंभरच प्रती. त्या संपल्या की संपल्या. मोठ्या प्रकाशकाचं पुस्तक तुम्ही घेतलं नाही तरी ते कुठं ना कुठं उरतं. आमचं फक्त तुमच्याकडेच उरू शकतं.

बाहेरच्या जगातला आणखी एक माणूस मला जवळचा वाटतो. अमेरिकेत क्लीव्हलँडच्या सरकारी दवाखान्यात हार्वी पीकर नावाचा कारकून होता, फायली लावणारा. त्याला चित्रं येत नव्हती. तो काड्यांची माणसं काढून चौकटी आखायचा आणि चित्रकारांकडून काढून घ्यायचा. गोष्टी काय, तर ऑफिसातलं बोलणं, दुकानातली रांग, बायकोशी भांडण. १९७६पासून कित्येक वर्षं तो हे स्वतःच्या पैशानं छापत राहिला आणि निवृत्त होईपर्यंत नोकरी सोडली नाही. तुमच्या गावात ग्रामपंचायतीत, सोसायटीत, आरोग्य केंद्रात असा एखादा कारकून नक्की बसलेला असेल. त्याला कागदावर आणायला वाचनालयाच्या कपाटात एखादी तशी चित्रकथा दिसावी लागते, बस.

टोकियोत १९७५ साली हौशी कॉमिक्सवाल्यांनी स्वतःचा बाजार भरवला तेव्हा ३२ गट होते आणि सुमारे ७०० माणसं आली होती. आज तिथं लाखांनी लोक येतात. तेवढं मला नको. गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगाव बांध या पुस्तकांच्या गावी किंवा जिल्ह्याच्या ग्रंथोत्सवात एक टेबल मिळालं तरी पुरे, आणि तेही दारामागचं नको.

पैशाचं बोलतो. आम्ही ‘विकलं तर पैसे द्या’ या बोलीवर पुस्तक का ठेवत नाही, असं बरेच जण विचारतात. जानेवारी २०२५मध्ये अमेरिकेतल्या डायमंड या मोठ्या कॉमिक्स वितरक कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली (आपल्या चाचा चौधरीवाल्या दिल्लीच्या डायमंडशी तिचा संबंध नाही). छोट्या प्रकाशकांचा माल तिच्या गोदामात पडून होता, विकल्यावर पैसे या बोलीवर. मग तो माल विकून कर्ज फेडायचं का, असा वाद कोर्टात गेला. पुस्तकं ज्यांची, तेच दारात उभे. इतक्या मोठ्या बाजारात हे होतं, तर माझ्या दहा प्रती तालुक्याच्या दुकानात दोन वर्षं पडून राहिल्या, शेवटी पिवळ्या पडून परत आल्या, यात नवल काय? म्हणून रोख. दोन प्रती, ८० रुपये, पावतीसह. मार्चअखेर गाडी भरून येणाऱ्या विक्रेत्यांसारखी घसघशीत सवलत मला देता येणार नाही, कारण माझ्या किमतीत आधीच ती वाढवून ठेवलेली नसते.

तुमच्या अडचणी मला दिसत नाहीत असं नाही. अनुदान तुटपुंजं, तेही हप्त्यानं, ग्रंथपालाचा पगार इतका की तो सांगायला लाजतो. तपासणीच्या वेळी बारीक पुस्तक सापडत नाही. पाठ नाही तर चिठ्ठी लावायची कुठं? दाखल नंबर मागच्या मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला आणि सतराव्या पानावर घाला, दोन्हीकडं शिक्का मारा. पावसाळ्यात पिना गंजून घडीवर तांबडा डाग पडतो. पिना काढून दोऱ्याचे तीन टाके घातले की प्रश्न मिटतो, आणि पाच-सहा चित्रकथा एकत्र करून कापडी बाइंडिंग केली तर पाठही येते. वर्ग क्रमांकाचा तर प्रश्नच नाही : ग्रंथालयात पुस्तकं विषयवार लावायच्या ड्यूई दशांश वर्गीकरणात व्यंगचित्रं आणि कॉमिक्स यांना ७४१.५ हा आकडा केव्हाचा दिलेला आहे. ‘कला’ विभागात ती बसतात. मुलांच्या विभागाचं नाव तिथं कुठंही नाही.

दिवाळी अंक योजना बहुतेक वाचनालयं चालवतात. अनामत भरायची, अंक फिरवून वाचायचे. त्याच गठ्ठ्यात दोन-तीन चित्रकथा टाका. व्यंगचित्रासाठी दिवाळी अंक उघडणारे वाचक अजून आहेत. १९५१ साली ‘आवाज’ निघाला, त्यातल्या खिडकीचित्रांवर पिढ्या गेल्या. तेच लोक चित्रकथा हातात घेतील, कुणाला समजावून सांगावं लागणार नाही.

डोळे मिटून काहीही घ्या असं मात्र मी म्हणणार नाही. स्वतंत्रपणे छापलं म्हणजे चांगलं असं थोडंच आहे? अमेरिकन सुपरहिरोला फेटा बांधून विदर्भात उतरवलेली कॉमिक्स मी पाहिली आहेत. मुखपृष्ठ रंगीत, आत चित्रं घाईची, फुगे इकडचे तिकडे. आजकाल कॉम्प्युटरकडून काढून घेतलेल्या चित्रांचीही पुस्तकं येतात, ज्यात बैलाला पाच पाय असतात आणि पराटीला गुलाब लागतात. ज्याला बैलाचं जू कुठं बसतं ते माहीत नाही त्याचं पुस्तक परत करा. निवड समितीत एखादा चित्रकला शिक्षक घ्या, एखादी वेचणीला जाणारी बाई घ्या, चार पुस्तकं पुढ्यात टाका आणि विचारा. माझं त्यात बाद झालं तरी चालेल. ते पुस्तक म्हणून वाचून बाद व्हावं, पाठ नाही म्हणून नको.

ज्यांना दाखवायला प्रती हव्यात त्यांनी वाचनालयाच्या पत्रावर कळवावं. पूर्वी पुस्तकं स्वस्तात पाठवायला टपाल खात्याचं रजिस्टर बुकपोस्ट होतं; ते २०२४च्या डिसेंबरात बंद झालं तेव्हा आमचे हाल झाले. मे २०२५पासून टपाल खात्यानं ज्ञान पोस्ट सुरू केलं आहे : ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, कर वेगळा. त्या वजनात माझ्या तीन-चार चित्रकथा बसतात. पाकिटात जाहिरात चालत नाही आणि नियतकालिक चालत नाही. आमच्यात दोन्ही नाही. टपालखर्च मी सोसतो. बिल, पावती आणि आयएसबीएन क्रमांक सोबत असेल. तुमच्या मासिक सभेच्या आधी आठवडाभर पत्र मिळालं तर पुस्तकं सभेपर्यंत पोचतील. मात्र नापसंत पडलेली पुस्तकं तुम्ही परत पाठवावीत, आणि पिशवीत न कोंबता मध्ये पुठ्ठा घालून पाठवावीत, ही विनंती.

आपला,
एक चित्रकथाकार आणि प्रकाशक
(आणि फ्लेक्सवालाही)
जि. यवतमाळ